नवख्याची पाठराखण

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून येणारी गाडी उधना स्टेशनवर थांबते आणि खांद्याला पिशवी लावलेली तरुण मुले खाली उतरतात, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात एक नाव असते. पूर्वी ते चिठ्ठीवर असे, आता मोबाईलमध्ये असते. मामा, चुलतभाऊ, किंवा नुसताच गावचा ओळखीचा. तो माणूस त्या मुलाला लिंबायत किंवा डिंडोलीतल्या आपल्या खोलीवर नेतो, दुसऱ्या दिवशी यंत्रमागाच्या खात्यात आपल्या शेजारी उभा करतो, तुटलेला धागा कसा जोडायचा, रिकामी कांडी केव्हा बदलायची हे दाखवतो, आणि शेठ ओरडला तर "नवा आहे, शिकतोय" म्हणून मध्ये पडतो. काही महिन्यांत मुलगा आपला आपण माग सांभाळू लागतो. पुढे कधीतरी त्याच गाडीने त्याचा धाकटा भाऊ येतो, तेव्हा भावाच्या चिठ्ठीवरचे नाव याचे असते.

आपल्यापैकी ज्यांची घरे सुरतेत तीन-चार पिढ्यांपूर्वी रुजली, त्यांच्याही मुळाशी असे एखादे नाव सापडेल. हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसायला आलेला सौराष्ट्रातला मुलगाही याच रीतीने शिकला. या रीतीचा कधी कुठे ठराव झाला नाही. नाते होते, आणि नात्यातच सगळी व्यवस्था होती.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की या लेखात आपल्याला अशा एका कामाचा विचार करायचा आहे, जिथे जगभरातून रोज नवखी माणसे येतात आणि त्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर कोणी नसते. ते काम म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचे. आपल्या घरातली, शेजारातली मुले त्या कामाच्या दारापर्यंत जातात आणि परत फिरतात. ती का फिरतात, आणि ती फिरू नयेत म्हणून काही जाणत्यांनी स्वखुशीने कशी व्यवस्था उभी केली आहे, हे समजून घेण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. माणसे एकत्र काम कशी करतात याची थोडी जाण पुरते, आणि मंडळे चालवलेल्या घरांना ती असतेच.

आता मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. बहुतेक कंपन्या पगारी माणसांकडून सॉफ्टवेअर लिहून घेतात आणि त्याची आतली लिखावट कुलपात ठेवतात. मुक्त सॉफ्टवेअरची लिखावट सर्वांसाठी उघडी असते. कोणीही ती वाचावी, तिची प्रत घ्यावी, तीत बदल सुचवावा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण लिहिलेला संगणकाचा गाभा असा उघड्यावर मांडला. त्याचे नाव पुढे लिनक्स पडले, आणि तुमच्याआमच्या खिशातले अँड्रॉइडचे मोबाईल आज त्याच गाभ्यावर चालतात. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, विकिपीडिया ज्यावर उभा आहे ते मीडियाविकी, ही सगळी याच कुळातली. यात पगारी माणसेही भरपूर आहेत, सगळे संतसज्जन आहेत असा गैरसमज नको. पण दार उघडे असते, ही गोष्ट खरी.

दार उघडे म्हणजे काय, ते आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्या मंडळाने आपल्या वार्षिकाची मुद्रणप्रत वर्षभर वाचनालयाच्या टेबलावर उघडी ठेवली आणि पाटी लावली, की ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्ती लिहून द्यावी. दुरुस्ती तुम्ही थेट प्रतीत करायची नाही. वेगळ्या कागदावर लिहून पेटीत टाकायची. संपादक ती पाहतील, पटली तर घेतील, काही शंका असली तर विचारतील. मुक्त सॉफ्टवेअरचे काम असेच चालते. फक्त टेबलावरची प्रत काही लाख ओळींची असते, पेटीत रोज शेकडो कागद पडतात, आणि संपादक दहा देशांत विखुरलेले, एकमेकांना कधी न भेटलेले असतात.

अशा ठिकाणी आपल्याकडचा एखादा मुलगा जातो. सुरतेच्याच एखाद्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असतो, हुशार असतो. पहिली अडचण अगदी उंबऱ्यावर येते: ते सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालू करणे. पुस्तकात दोन ओळींत लिहिलेले हे काम प्रत्यक्षात दोन रविवार खाते, कारण पुस्तक लिहिणाऱ्याकडे जो संगणक असतो तो याच्याकडे नसतो. त्यातून पार पडला की दुसरी: करायचे काय? चुकांची यादी हजारोंची, तीतली कोणती आपल्या आवाक्यातली आहे हे नवख्याला कळत नाही. नवखा नेहमी एकतर फार मोठे काम उचलतो किंवा कोणालाही नको असलेले. आणि यातूनही तरून त्याने एक छोटी दुरुस्ती पाठवलीच, तर तिसरी अडचण येते. ती म्हणजे शांतता. पेटीत कागद पडला, आणि पुढे काहीच झाले नाही.

माझ्या मते या तिन्हींत शांतता सर्वांत घातक. कडक उत्तर आले तर माणूस निदान चिडतो, चिडून दुसऱ्यांदा प्रयत्न करतो. उत्तरच आले नाही तर तो स्वतःलाच नालायक ठरवून निघून जातो. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला संस्थेच्या लोकांनी आपल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना असे दिसले, की ज्यांच्या पहिल्या कामाची तपासणी ४८ तासांच्या आत झाली ते मोठ्या प्रमाणात पुन्हा आले, आणि ज्यांना ७ दिवसांहून अधिक वाट पाहावी लागली ते जवळजवळ कोणीच परतले नाहीत. दोन दिवस आणि सात दिवस. मधल्या पाच दिवसांत माणूस हातचा जातो.

मला हे आकडे वाचण्याआधीच कळायला हवे होते. एका भाषांतराच्या प्रकल्पात मी एकदा उत्साहाच्या भरात सात नवख्यांची जबाबदारी घेतली. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर जी वाक्ये दिसतात ती मराठीत आणायचे काम होते. त्यांत सुरतेचीच एक मुलगी होती. आईवडील दोघेही कामाला जाणारे, घरात एकच संगणक, तो भावाच्या अभ्यासातून सुटला की हिच्या वाट्याला येणारा. तिने पंचेचाळीस वाक्ये करून पाठवली. मी त्या दिवसांत घरच्या लग्नाच्या धावपळीत होतो. तिचे पत्र सव्वा महिन्याने उघडले. काम चांगले होते, काही ठिकाणी तर माझ्यापेक्षा सरळ मराठी होती. मी भरभरून शाबासकी लिहिली. तिचे उत्तर आले नाही, पुढेही कधी आले नाही. बाकीच्या सहांपैकी चौघे मला नीट आठवतही नाहीत, आणि दोष त्यांचा नाही.

सात जणांना "हो" म्हणणे ही चूक माझी होती, पण मला सात जण घेऊ देणे ही व्यवस्थेची चूक होती. चांगुलपणाला कोणीतरी माप लावून द्यावे लागते.

आपल्याकडे नवी सून पहिल्यांदा सासरी जायची तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जात असे. मावशी, आत्या, कधी थोरली करवली. ती काही घरकाम शिकवायला जात नसे. परक्या घरात आपल्या बाजूचे एक माणूस आहे, एवढा धीर देणे हे तिचे काम. आणि चार-आठ दिवसांनी ती परत यायची, हेही ठरलेले. सॉफ्टवेअरच्या समुदायांत ज्याला मेंटर म्हणतात त्याचे खरे मराठी नाव मला "मार्गदर्शक" यापेक्षा "पाठराखा" असे वाटते. मार्गदर्शक उंचावर उभा राहून दिशा दाखवतो. पाठराखा शेजारी बसतो. फरक इतकाच, की इथला पाठराखा सासरचाच असतो: कोणता डबा कुठे आहे हे त्याला माहीत असते, आणि सासूबाईंचा स्वभावही.

आता अशा पाठराख्यांची फळी कशी बांधतात ते पाहू. यातली सर्वांत शिकण्यासारखी हकिगत ग्नोम नावाच्या समुदायाची आहे. लिनक्सच्या संगणकावर जो पडदा, ज्या खिडक्या, जी बटणे दिसतात ती बनवणारा हा समुदाय. गूगलने २००५ पासून विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत मुक्त सॉफ्टवेअरचे काम देणारी, आणि त्यासाठी विद्यावेतन देणारी योजना सुरू केली. प्रत्येक विद्यार्थ्यामागे समुदायातला एक पाठराखा, ही तिची मूळ अट. २००६ साली ग्नोमकडे या योजनेखाली १८१ अर्ज आले. त्यांत एकही अर्ज मुलीचा नव्हता. हॅना वॉलक आणि क्रिस बॉल या दोघांनी तेव्हा केवळ मुलींसाठी वेगळी छोटी योजना जाहीर केली, तर सुमारे शंभर जणींनी अर्ज केले आणि त्यांतल्या सहा जणींना काम मिळाले. म्हणजे मुली होत्या. त्यांना ते दार आपल्यासाठी आहे असे वाटत नव्हते, एवढेच.

पण त्या सहा जागांनंतर काम थंडावले. ते पुन्हा उभे केले २०१० मध्ये मरीना झुराखिन्स्काया या अभियंता बाईंनी, आणि त्यांनी केलेला बदल पाहण्यासारखा आहे. त्यांनी अर्जाची रीतच उलटी केली. आधी निवड आणि मग पाठराखा, असे न ठेवता पाठराख्यांची नावे, ते कोणत्या कामात आहेत यासह, अर्ज मागवतानाच जाहीर केली. अर्ज करणारीने अर्जासोबत एक लहानसे खरे काम करून दाखवायचे, आणि ते काम करताना तिला अडचण आली तर तिने कोणाला विचारायचे हे नाव तिच्या हातात. निवड झाली नाही तरी तिचे पहिले काम समुदायाने स्वीकारलेले असते, तिच्या नावाने नोंदलेले असते. ही योजना आज आउटरीची या नावाने, ग्नोमपुरती न राहता अनेक समुदायांत, वर्षातून दोनदा चालते, आणि केवळ स्त्रियांसाठीही राहिलेली नाही. तिच्यात पाठराख्याकडून आठवड्याला निदान ५ तास मागितले जातात. हे तास आधी मागितले जातात, हे महत्त्वाचे. "जमेल तसे" हा शब्द तिथे चालत नाही, आणि आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीत बसलेल्यांना तो शब्द काय किमतीचा असतो हे मी सांगायला नको.

कोणी विचारील, इतका वेळ द्यायचा तर जाणत्याने स्वतःच ते काम का करू नये? करावे, ते लवकर होईल. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये एका अवाढव्य संगणक-प्रणालीचे काम सांभाळले, आणि १९७५ साली त्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सांगितले, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली तर काम आणखी उशिरा होते. कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो. हे पन्नास वर्षे सगळ्यांना पटलेले आहे. म्हणून नवख्याला शिकवणे हे आजच्या कामातली मदत म्हणून कधीच परवडत नाही. ते पाच वर्षांनंतरच्या कामासाठी असते. ज्या समुदायाला हे आधी स्पष्ट नसते, तो नवख्यांना बोलावतो आणि मग त्यांच्यावर वैतागतो.

वैताग काय करतो याचे मोठे उदाहरण इंग्रजी विकिपीडियाचे. २००७ पर्यंत तिथे नियमित लिहिणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि त्यानंतर घसरू लागली. एरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा, की खोडसाळ मजकूर झपाट्याने काढून टाकण्यासाठी जी अर्धस्वयंचलित साधने आली, ती भल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे लेखनही त्याच झपाट्याने पुसू लागली. नवखा पहिले वाक्य लिहितो, मिनिटभरात ते नाहीसे होते, आणि एक छापील सूचना येते. तो दुसऱ्यांदा येत नाही. पहारा चोख झाला, पण गाव ओस पडू लागले.

त्यावर २०१२ मध्ये तिथे नवख्यांसाठी एक वेगळी जागा काढली आणि तिला चहाघर असे नाव दिले. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्रदिनी, म्हणजे १ मे रोजी सुरू झाला, आणि तिथल्या चर्चेच्या जागेचे नाव आहे चावडी. नाव छान, अगदी आपले. पण खेड्यातल्या माणसाला चावडी म्हटले की पाटील आणि तलाठी आठवतात, आणि चहा म्हटले की ओळखीचा माणूस आठवतो. हे माझे मत, त्यावर वाद होऊ शकतो. पुढे विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमध्येच अशी सोय आली, की नव्याने नाव नोंदवणाऱ्याला त्याच्या पहिल्याच पानावर एका पाठराख्याचे नाव दिसते: प्रश्न असेल तर यांना विचारा. ही वाटणी यंत्र करते, पाठराखे आपल्या इच्छेने यादीत असतात. त्यांना "मला सरासरीपेक्षा कमी नवखे द्या" असे सांगता येते, आणि "मी काही दिवस बाहेर आहे" असेही. त्या काळात त्यांचे नवखे आपोआप दुसऱ्याकडे जातात.

ही शेवटची सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते. स्वयंसेवक दमतो, त्याच्या घरी लग्न निघते, आईचे ऑपरेशन होते. दमलेल्याला लाज न वाटता बाजूला होता आले पाहिजे. ते नसेल तर तो यादीत राहतो, उत्तरे देत नाही, आणि कागदावर सर्व ठीक दिसते. म्हणून प्रत्येक फळीला एक माणूस असा लागतो जो स्वतः कोणाचाच पाठराखा नाही. कोण किती दिवस गप्प आहे, कोणाकडे तीन झाले आणि कोणाकडे एकही नाही, एवढेच तो पाहतो. त्याला सॉफ्टवेअर फारसे आले नाही तरी चालते. लग्नाच्या पंगतीत वाढपी सगळेच असतात, पण कोणत्या ओळीत वरण पोचले नाही हे पाहणारा एक असावा लागतो.

नाव आणि जबाबदारी यांची गाठ किती पक्की असू शकते हे डेबियन या समुदायात दिसते. १९९३ मध्ये सुरू झालेला हा लिनक्सचा एक जुना संसार. तिथे बाहेरच्या माणसाने तयार केलेले काम थेट भांडारात जात नाही. आतल्या एखाद्या सभासदाने ते तपासून स्वतःच्या सहीने आत न्यावे लागते. जामीनच म्हणा. काम बिघडले तर विचारणा सही करणाऱ्याकडेही होते, म्हणून तो नीट तपासतो, आणि तपासता तपासता शिकवतो.

आणि नवख्याने करायचे काय, ही जी दुसरी अडचण सांगितली, तिच्यावरचा उपाय लिनक्सच्या गाभ्यात सापडतो. तिथे २००८ पासून अर्धेकच्चे काम ठेवायला एक वेगळा कप्पा आहे, आणि कशात काय उरले आहे याची यादी बहुधा शेजारी असते. नवखे तिथून सुरुवात करतात. इतर अनेक समुदायांत सोप्या कामांवर "पहिल्यांदा करणाऱ्यासाठी" अशी खूण लावून ठेवतात. यात अवघड भाग खूण लावण्याचा नाही. पाच मिनिटांत होणारे काम समोर दिसत असताना जाणत्याने हात मागे घेणे, हे अवघड. पोळी वाकडी होणार हे माहीत असूनही आई लाटणे मुलीच्या हातात देते, तसेच हे.

पाठराखे नसताना नुसती गर्दी बोलावली तर काय होते, तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात आपल्या देशातली मुले होती. दर ऑक्टोबरात डिजिटलओशन नावाची कंपनी हॅक्टोबरफेस्ट भरवते. ठरावीक संख्येने दुरुस्त्या पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये टी-शर्टाच्या ओढीने हजारो निरर्थक दुरुस्त्या जगभरच्या प्रकल्पांवर येऊन आदळल्या. कुठे शीर्षकापुढे एखादे विशेषण, कुठे एखादे स्वल्पविराम. त्यांतल्या पुष्कळ भारतातून आल्या, कारण इथल्या एका लोकप्रिय व्हिडिओत हे कसे झटपट करावे ते दाखवले होते. स्वयंसेवक संतापले, भारतीय विद्यार्थ्यांची चेष्टा झाली, आणि महिना संपण्याआधीच नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतः होकार देतील तेच मोजले जातील. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना पेटी दाखवली होती, संपादक कोणी दाखवला नव्हता.

आपल्याकडच्या कॉलेजांतही याचीच लहान आवृत्ती चालते. एक दिवसाची कार्यशाळा, साठ विद्यार्थी, प्रमाणपत्र, फोटो. मोजणी उलट व्हायला हवी. पाठराखे किती आहेत, ते आठवड्याला किती तास देतील, हे आधी मोजावे, आणि प्रत्येकी दोन याप्रमाणे नवखे घ्यावेत. चार पाठराखे असतील तर आठ मुले. साठ येऊ पाहत असतील तर बावन्न जणांना स्पष्ट सांगावे, की तुमची पाळी पुढच्या वेळी. नकार ऐकून थांबलेला मुलगा पुन्हा येतो, शांतता ऐकलेला येत नाही.

मुंबईच्या आयआयटीने प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चालवलेला स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प याच कोड्याची वेगळी उकल करतो. शिकवणारे थोडे आणि शिकणारे लाखो, तर शिकवणे ध्वनिचित्रफितीत भरावे. दहा-दहा मिनिटांचे पाठ, पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ आणि अर्ध्या भागात स्वतःचे काम, आणि निवेदन मराठी, गुजरातीसह बावीस भारतीय भाषांत. पाठाचा मजकूर प्रसिद्ध होण्याआधी विषय न येणाऱ्या माणसाकडून करवून पाहतात. तो अडखळला तर मजकूर बदलतात. कार्यशाळा भरवणाऱ्या प्राध्यापकाला तो विषय येत असण्याची गरज नसते. पण प्रश्न पडतातच. तिथे विचारताना कोणता पाठ, कितवे मिनिट, कितवे सेकंद हे नोंदवावे लागते. "मला काही कळले नाही" या हताश वाक्याचे "चौथ्या मिनिटाला माझ्याकडे खिडकी उघडली नाही" असे उत्तर देता येण्याजोगे वाक्य होते. पाठराख्याचा अर्धा वेळ यातच वाचतो.

आता हे सर्व तुम्हाला का सांगावे? तुमच्यापैकी बहुतेकांना संगणकाची लिखावट येत नाही, शिकायचीही नसेल. पण मोबाईलच्या पडद्यावर मराठी दिसते ती कोणीतरी आणलेली असते, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती पुष्कळदा मूठभर स्वयंसेवकांनी आणलेली असते. तिथे मराठी जाणणाऱ्या पाठराख्यांची टंचाई फार मोठी आहे. नवखा प्रोग्रॅमर "सेव्ह"ला काय म्हणू असे विचारतो: जतन करा, साठवा, की सेव्ह करा? नुसते उत्तर देणारा नको, कारणासह उत्तर देणारा हवा.

एक उदाहरण अक्षराचेच घ्या. "आचार्यास दक्षिणा दिली" आणि "आचाऱ्यास दक्षिणा दिली" यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. दुसऱ्या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र हिंदीत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो चुकण्याची शक्यता असते, आणि बनवणाऱ्याला आपले चुकले हे कळतही नाही. तसेच आपला ल आणि आपला श. मराठी वळण वेगळे, हिंदी वळण वेगळे. हे पाहताक्षणी ओळखणारे डोळे कॉम्प्युटरच्या वर्गात मिळत नाहीत. ते वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांकडे असतात, मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडे असतात.

आपण सुरतेचे, आपली मराठी गुजरातीने भेसळलेली, आपण काय सांगणार, असा संकोच मी ऐकला आहे. मराठीचे व्याकरण लिहून १८३६ मध्ये छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच शहरात शिक्षक होते, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभा काढताना त्यांना दोन्ही भाषांत वावरणे अडचणीचे झाले नव्हते. दोन भाषांत राहणाऱ्याला आपल्या भाषेचे काठ अधिक स्पष्ट दिसतात, असाच माझा अनुभव आहे.

तेव्हा घरातल्या नातवाला बोलावून त्याच्या संगणकावर आणि आपल्या मोबाईलवर पुढील शब्द लिहून पाहा: आचाऱ्यास, दऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर. एकेका अक्षरवळणात, म्हणजे फॉन्टमध्ये, पाहा. कुठे र डोक्यावर चढला, कुठे तुटून वेगळा पडला, तर कोणता मोबाईल, कोणते ॲप, कोणता फॉन्ट, कोणता शब्द आणि तो कसा दिसायला हवा, हे पाच तपशील आणि पडद्याचे चित्र, एवढे नातवाने त्या सॉफ्टवेअरच्या चुकांच्या यादीत नोंदवायचे. हे त्याचे पहिले काम. उत्तर यायला किती दिवस लागले ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आठवडा उलटला तर त्याला पुन्हा एकदा, नम्रपणे, विचारायला लावा.